कातरणीपुरतं

(शहरातल्या दवाखान्याचा वॉर्ड. दुपार. बानाबाईच्या मांडीवर चार वर्षांची नात झोपलेली. मुलगा मल्हारी शेजारी उभा. पोरीला न्यायला आलेले काकासाहेब दारात.)

मल्हारी : आये, सही करून झाली माझी. आता पोरीला सोड. तिसऱ्यांदा न्यायला आलेत.

बानाबाई : येऊ दे. पोरीचं काळीज बंद करणार म्हणं. तुझ्या बापाच्या टायमाला बी डाक्टर हेच बोलला. बंद.

काकासाहेब : मावशी, मी काकासाहेब. काळीज थांबलेलं असताना अंगात रक्त फिरवायचं मशीन मी चालवतो. त्यांचं बंद पडलं होतं. हिचं आम्ही बंद करतो, आणि परत चालू करतो.

बानाबाई : लई सोपं बोलता.

काकासाहेब : सकाळी एक ऑपरेशन उरकून आलोय, गोड बोलायची ताकद नाही राहिली. हिच्या काळजाला आतून भोक आहे. धडधडत्या काळजाला टाका कसा घालणार? तुम्ही मेंढरंवाले ना? आमच्या गावी, शेंद्र्याला, रानात मेंढरं बसायची. लोकर कातरताना तुम्ही काय करता?

बानाबाई : आडवी पाडून पाय बांधतो. हालली की कातर लागती.

काकासाहेब : तेच. गार औषध देऊन काळीज तेवढ्यापुरतं निजवतो.

बानाबाई : पर लई येळ बांधून ठेवली तर मेंढी उठत नाय. औंदा एक तशीच गेली. हा फोनवर बोलत बसला.

मल्हारी : ते आत्ता कशाला, आये.

काकासाहेब : बरोबर बोलतायत त्या. आम्हाला भ्या त्याचंच. लेकराचं काळीज नाजूक, रक्ताविना फार वेळ तग धरत नाही. म्हणून दर वीस मिनिटांनी औषध पुन्हा देतो. घड्याळाकडं मीच बघतो.

बानाबाई : आन फोन?

काकासाहेब : बाहेर, कपाटात.

बानाबाई : तरी उठलंच नाय तर?

काकासाहेब : गरम रक्त सोडलं की बहुतेक उठतं. नाही तर झटका देतो. त्यानंही नाही उठलं, असंही झालंय. खोटं नाही सांगत. पण भोक तसंच ठेवलं तर हे काळीज थकत जाणार.

मल्हारी : आये, मी बी लई भ्यालोय गं.

बानाबाई : व्हय रे. घे, उचल. मान धर. काकासाहेब, पाय सोडले की आमी मेंढीला हाक मारतो. मग उठती ती.

काकासाहेब : मारीन हाक. चतुरा ना? कागदावर आहे.

बानाबाई : कागदावर असू दे. त्या नावानं उठत नाय ती. चिंगी म्हणा.