बूट काढून सांगायची गोष्ट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या नाट्यमंडळाचे प्रमुख माननीय वॉल्टर प्रिस्टुपा, सडबरीहून एवढ्या बर्फातून गाडी हाकत आलेल्या दिग्दर्शिका सोलांजबाई थेरियो, नगरसेविका श्रीमती फिलोमेना दा कोस्टा, मधल्या खुर्चीत अवघडून बसलेली आपली सत्कारमूर्ती आर्डिथ मॅकआयझॅक, आणि पूर्व हॅमिल्टनमधल्या माझ्या शेजारपाजाऱ्यांनो,

मी लेनोर बिलिक. कोपऱ्यावरच्या बेकरीतली. इथल्या निम्म्या लोकांच्या वाढदिवसाचे केक मी खोक्यात भरून दिलेत, पण भाषण म्हणाल तर हे पहिलंच. मी व्यासपीठावर चढले तेव्हा मागच्या रांगेतून हसू ऐकू आलं. हसा, हसा. हो, मी नुसत्या मोज्यांवर आहे. तुम्ही सगळ्यांनी बर्फाचे बूट बाहेर काढून आतले जोडे घातलेत, माझेही पिशवीत आहेत, विसरलेले नाहीत. मोज्यांचं कारण ओघात येईल. तोवर कोणी दया येऊन मला चपला आणून देऊ नयेत, ही विनंती.

वॉल्टरसाहेबांनी बजावलंय की थोडक्यात आटपा, मागे कॉफी तयार आहे. साहेब, प्रयत्न करते.

आर्डिथ या गावात आली ती केप ब्रेटनहून, एक पेटी आणि तो गोड किनारपट्टीचा हेल घेऊन. नटी व्हायचं होतं. आता आपल्या गावात नटीला काम काय मिळतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. दक्षिणेकडून, अमेरिकेतून लोक येतात, आपल्या रस्त्यावर पिवळ्या टॅक्स्या उभ्या करतात, पोस्टावर त्यांचा झेंडा लावतात, की झालं न्यूयॉर्क! नायक त्यांचा, नायिका त्यांची. आपल्या माणसांना उरतं काय? नर्स, न्यायाधीश, बारवाला आणि पोलीस. आर्डिथच्या वाट्याला पोलीस आला. त्यातही एकच काम. कुणाच्या तरी दाराची घंटा वाजवायची आणि सांगायचं, बाई, तुमचा मुलगा गेला.

का, तर तिचा चेहरा. सोलांजबाई एकदा म्हणाल्या होत्या, 'ही बाई आधीच रडून, तोंड धुऊन आल्यासारखी दिसते.' खरंच आहे की नाही? बघा आता, लाजली.

या सगळ्या दृश्यांची तालीम व्हायची माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारात. ती पायपुसण्यावर उभी, मी टेबलाशी. ती पोलीस, मी आई. मला दोन मुलगे. दोघेही धडधाकट, एक तर तिकडे भाषण संपायची वाट न बघता अंड्याचं सँडविच खातोय. पण आर्डिथने त्यांना माझ्यासमोर किती वेळा मारलं, काय सांगू! बुडवलं, गोळ्या घातल्या, गाडीखाली घातलं. मी कणीक मळता मळता हंबरडा फोडायची आणि ती म्हणायची, 'लेनोर, अगं, इतकं नको. मला माझं वाक्य ऐकू येत नाही.'

तालीम संपली की मी म्हणायची, आत ये, बस घटकाभर. तिचं उत्तर ठरलेलं. 'नको गं, पायात बूट आहेत.' आणि मग त्याच पायपुसण्यावर उभी राहून ती गप्पा मारणार, माझा चहा संपेल, तिचा गार होईल, पण बूट काही निघायचे नाहीत. आपल्याकडच्या अर्ध्या मैत्र्या अशा दारातच झालेल्या आहेत. माझी तर आख्खी मैत्री पायपुसण्यावरची.

तिचा हेल घालवायला त्या दक्षिणेकडच्या लोकांनी एक मास्तर ठेवला होता. सगळे शब्द तिने गिळले, पण एक शब्द काही केल्या घशाखाली उतरेना. तो म्हणजे सॉरी. आपण ओठांचा चंबू करून 'सोरी' म्हणतो ना? त्यांना हवं होतं जबडा सैल सोडून 'सारी'. सकाळ-संध्याकाळ माझ्या दारात 'सारी, सारी, सारी'. माझा नवरा म्हणायचा, 'हिने एवढा काय गुन्हा केलाय?'

आणि मग तो प्रसिद्ध दिवस. तुम्हाला ऐकून ऐकून पाठ असेल, तरी सांगते, कारण आज त्याच्याशिवाय भागत नाही. मोठा चित्रपट, मोठा दिग्दर्शक. आर्डिथ शिकागोची पोलीस. घंटा वाजते, आई दार उघडते, आर्डिथ आत पाऊल टाकते... आणि वाकून बूट काढायला लागते! कमरेला पिस्तूल, एका हातात टोपी, दुसऱ्या हाताने नाडी सोडतेय.

'कट!' दिग्दर्शक ओरडला. 'ओ बाई, हे काय चाललंय?'

'घरात शिरतेय ना,' आर्डिथ म्हणाली. मग तिच्या ध्यानात आलं, नि ती म्हणाली, 'सोरी!'

'एका दमात दोनदा कॅनडा दाखवलात!' तो म्हणाला. सगळी मंडळी हसून लोळली. वर्षभर गावात कोणी कोणाकडे गेलं की पोलिसांसारखे बूट काढू का, असा विनोद चालायचा. मीही त्यात पुढे होते. पण आर्डिथ त्या दिवशी घरी येताना माझ्या दारात थांबली, आणि हसली नाही. म्हणाली, 'लेनोर, असली बातमी द्यायची नि बूट घालून उभं राहायचं? म्हणजे सांगायचं आणि पळायचं. बसायला नको का त्या बाईजवळ?'

मी म्हटलं, 'नाटकातली बाई ती. तिला कोणी मेलेलं नाही.'

ती म्हणाली, 'बघणाऱ्यांत असेल ना कोणी.'

क्लेमला तुम्ही ओळखत होतात. तिचा नवरा, आपल्या रस्त्यांवरचा बर्फ सारणारी गाडी चालवायचा, आणि म्हाताऱ्यांच्या दारापुढचा बर्फ नियमात नसतानाही सारून जायचा. एका फेब्रुवारीत बंद पडलेल्या कुणाच्या तरी गाडीला मदत करायला तो हमरस्त्यावर खाली उतरला. मागून ट्रक आला.

त्या सकाळी मी खिडकीतून पाहिलं, तर आर्डिथच्या दारात पोलिसांची गाडी. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, शूटिंग आहे. देवाशपथ. मी कॅमेरा कुठे लावलाय ते शोधत होते. चुकून खिडकीत दिसले तर बरं दिसावं म्हणून केस नीट केले. आपल्या गावाचं हे असं आहे. खरा पोलीस आला तरी आधी आपण कॅमेरा शोधतो.

पुढचं तिने मला नंतर सांगितलं, तिच्याच शब्दांत सांगते. 'पोरगा तरणा होता गं. दारात उभं राहून म्हणाला, बाई, आत येऊ का? आणि वाकला. तेव्हाच मला कळलं. नुसता पत्ता विचारायला आलेला माणूस बूट काढत नाही. उंच बूट, ओल्या नाड्या, गाठ सुटेना त्याची. मी वरून बघत होते. मला वाटत होतं, सुटूच नये. ती गाठ सुटेपर्यंत क्लेम जिवंत होता.'

गाठ सुटली. तो पोरगा तिच्याशेजारी सोफ्यावर बसला. मोज्याला भोक होतं म्हणे. त्याने आडवळण घेतलं नाही, 'गेले' म्हटलं नाही, सरळ सांगितलं. आणि मग म्हणाला, 'सोरी.' आपल्यासारखं. 'तेव्हा मी रडले,' आर्डिथ म्हणाली.

त्यानंतर दक्षिणेकडच्या लोकांचं काम तिच्याकडून झालं नाही. बोलावणी आली, ती गेलीही. पण कॅमेरा सुरू झाला की तो 'सारी' तोंडातून निघेना. मला म्हणाली, 'त्या शब्दात काहीच नाहीये गं. रिकामं भांडं आहे.' कामं थांबली. ती माझ्याबरोबर बेकरीत उभी राहून बटर टार्ट भरायला लागली, आणि खोटं कशाला बोलू, वाईटच भरायची.

तिथेच सोलांजबाई आल्या. टार्ट घ्यायला आल्या आणि नटी घेऊन गेल्या. आपल्याच वाहिनीवरची आपली मालिका, आपलंच गाव, आणि गावाचं नाव हॅमिल्टनच. त्यात आर्डिथ झाली सार्जंट रीटा. पहिल्याच भागात रीटा एका घरी बातमी घेऊन जाते. आर्डिथने अट घातली, बूट काढणार. वरचे साहेब म्हणाले, नाड्या सोडण्यात वेळ जातो, लोक वाहिनी बदलतील. सोलांजबाई, तुम्ही तेव्हा काय म्हणालात ते इथे माइकवर सांगण्याजोगं नाही, पण देव तुमचं भलं करो. बूट निघाले. कॅमेरा फक्त त्या हातांवर आणि नाडीवर. कोणी एक शब्द बोलत नाही. तुमच्यापैकी कोणी वाहिनी बदलली? मी तर उठून दिवासुद्धा लावला नाही.

दक्षिणेकडे ती मालिका कोणी विकत घेतली नाही. राहिलं. इथे मात्र गंमत अशी झाली, की आर्डिथ मंडळाच्या सोडतीची तिकिटं विकायला दारोदार गेली तर लोकांच्या तोंडचं पाणी पळायचं. फिलोमेनाबाई, तुम्ही तर दार उघडून म्हणालात, 'कोण गेलं?' आणि ती म्हणाली, 'कोणी नाही हो, दोन डॉलरचं तिकीट आहे.' पण एकदा वाण्याच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ तिच्यासमोर उभे राहिले. म्हणाले, 'माझ्या मुलीची बातमी मला फोनवर कळली. तुम्ही यायला हवं होतं.' एवढं बोलून ते बटाटे निवडायला लागले. आर्डिथने हातातलं सामान खाली ठेवलं आणि त्यांच्याबरोबर बटाटे निवडत उभी राहिली. मला विचाराल तर तिला मिळालेलं बक्षीस ते. भिंतीवर टांगायची पदकं वॉल्टरसाहेब मघाशी वाचून दाखवून गेलेच आहेत.

आता गेल्या नोव्हेंबरचं. मी कणीक लाटत होते, मागच्या दारावर टकटक झाली. पायपुसण्यावर आर्डिथ. बरेच दिवस तिचा आवाज बसलेला होता, सर्दी म्हणत होती. मी न बघताच म्हटलं, 'काय गं, आज माझा कुठला मुलगा मारलास?'

मी वळून पाहिलं तर ती वाकली होती. नाडी सोडत होती.

इतक्या वर्षांत, मंडळी, पहिल्यांदा.

मी म्हटलं, 'आर्डिथ, नको. काढू नकोस.' मी खरंच म्हटलं. 'घाईत असशील तर जा, चहा राहू दे, पण बूट काढू नकोस.' तिने दोन्ही काढले, नीट जोडीने ठेवले, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि सांगितलं. आणि मी, जिने त्या दारात शंभरदा हंबरडा फोडलाय, माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. पीठ भरलेले हात तसेच मांडीवर. वाईट वाटलं म्हणणं फार थोडं आहे. मला राग आला, तिचा, देवाचा, त्या खुर्चीचासुद्धा.

या समारंभाची आमंत्रणं निघाली तेव्हा ती पुन्हा आली. म्हणाली, 'लोकांना तू सांग. जन्मभर मीच सांगत आलेय. या खेपेला मी खुर्चीत बसते, तू दारात उभी राहा.'

मी म्हटलं, 'मला नाही जमायचं. मला फक्त आई येते.'

'सोपं आहे,' ती म्हणाली. 'आधी बूट काढ. आडवळण घेऊ नकोस. सांगून झालं की सोरी म्हण. आणि मग लगेच उठून जाऊ नकोस, एवढंच.'

तर मंडळी, मी बूट काढले आहेत.

बाहेरच्या फलकावर 'निवृत्ती' लिहिलंय. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. आर्डिथच्या घशात गाठ आहे. कर्करोग आहे. येत्या मंगळवारी ऑपरेशन आहे, आणि त्यात तिचं स्वरयंत्र काढून टाकणार आहेत. जीव वाचेल, असं डॉक्टर म्हणतात. आवाज वाचणार नाही. माझ्यानंतर ती तुमच्याशी बोलणार आहे. तिच्या आवाजात या सभागृहात आपण ऐकणार ते हे शेवटचं.

...

रडा, वॉल्टरसाहेब, त्यात काय लाजायचं.

आता आभार. मंडळाचे, सभागृह देणाऱ्या माजी सैनिकांचे, सँडविचं करणाऱ्या बायकांचे, सोलांजबाईंचे, आणि तुमचे, एवढ्या थंडीत आलात त्याबद्दल. मला बोलायची सवय नाही. कुठे जास्त बोलले असेन, कुठे हसवायला नको तिथे हसवलं असेल, ज्यांची नावं घ्यायची ती राहिली असतील, तर पोटात घाला. आणि जे सांगितलं, त्याबद्दल, आपल्या पद्धतीने, ओठांचा चंबू करून, सोरी.

मी खाली जाऊन माझ्या जागेवर बसत नाही. इथे हिच्या शेजारी बसते. कॉफी गार झाली तर होऊ दे.

ये, आर्डिथ. सावकाश बोल. आम्ही कोणी बूट घालत नाही.