तंबाखूच्या डब्यातलं पत्र

(पश्चिम सुमात्रा, १९३४. भरदुपारी मोठ्या घराच्या जिन्याखाली कुळाचे प्रमुख दातुक उभे आहेत. वर दारात त्यांची भाची सावियाह. आत तिची आई, दातुकांची धाकटी बहीण.)

दातुक : गाठोडं वर घे म्हटलं ना.

सावियाह : राहू दे पायरीवर. मामीनंही पायरीवरच ठेवलं होतं, असं ऐकलं.

दातुक : पोचली वाटतं बातमी.

सावियाह : घर बायकोचं. तिनं नवऱ्याचे कपडे बांधून पायरीवर ठेवले की काय समजायचं, ते गावाला वेगळं सांगावं लागत नाही.

दातुक : तीस वर्षांचा संसार, आणि एका पुस्तकापायी मोडला. आमच्या पोरीनं आईला चार दिवस वाचून दाखवलं, ही ऐकत बसली. पाचव्या दिवशी माझी लुंगी, टोपी, तंबाखूचा डबा, सगळं बाहेर. एवढंच म्हणाली, ‘डबा रोज मीच भरत होते.’ आता यात डब्याचा काय संबंध?

सावियाह : तुम्ही ऐकलं नाही पुस्तक?

दातुक : मी कशाला ऐकू? त्यातला मामा म्हणे मीच.

सावियाह : त्याचं नाव वेगळं आहे.

दातुक : नाव वेगळं, पण शिंकण्याआधी फेटा धरतो तो. कॉफीच्या टपरीत मी शिंकलो की सगळे दात काढतात. तू मास्तरीण आहेस. बटाव्हियाच्या छापखान्याला पत्र टाक. हा लालांग कोण, विचार त्यांना. गवताचं नाव लावून लिहितो लेकाचा. पुरुष असशील तर समोर ये म्हणावं.

सावियाह : पुरुष नाही तो.

दातुक : मग?

सावियाह : समोर उभी आहे.

दातुक : तू?

सावियाह : शाळा सुटली, वह्या तपासून झाल्या, की रोज एक पान. फाडलेली धरली तर अकरा वर्षं.

दातुक : अगं ए, बाहेर ये. बघ तुझ्या लेकीनं कुळाची अब्रू वेशीवर टांगली. आणि हिला शाळेत शिकवायची परवानगी कुणी दिली? मी. तेही लिही म्हणावं.

सावियाह : लिहिलंय. सातव्या प्रकरणात.

आई : सावी, आवाज खाली. दादा, कॉफीच्या पानांचा काढा उकळतोय, घेशील?

दातुक : घेईन, पण आत बसून. तुझ्या लेकीची, रामलाची खोली रिकामीच आहे. मी राहतो तिथं.

सावियाह : खोल्या मुलींच्या. या घरात पुरुषाला खोली नसते, बैठकीत तुम्हीच सांगता सगळ्यांना. आमच्या भावाची चटई सातव्या वर्षी तुम्हीच उचलून सुराऊत नेऊन टाकलीत. नमाजाच्या जागेत झोपायचं, पुरुषाची जात आहे म्हणालात.

दातुक : मी म्हातारा माणूस आहे, पोरी.

सावियाह : हाजीही म्हातारा होता, सतरा वर्षांची रामला त्याला तिसरी बायको म्हणून दिलीत तेव्हा.

दातुक : सुखात होती ती. पत्र आलं होतं तिचं. सगळ्यांची खुशाली विचारलीय, असं तूच वाचून सांगितलंस.

सावियाह : माझ्या हातात कधी दिलंत ते?

दातुक : तिची माती झाली त्या दिवशी.

सावियाह : आणि आलं होतं कधी?

दातुक : आधी.

सावियाह : तीन महिने आधी. तंबाखूच्या डब्यात पडून होतं. पुस्तकातही तसंच लिहिलंय, तेच मामीनं ऐकलं.

दातुक : मला आपली अरबी अक्षरं येतात, पत्र होतं गोऱ्या साहेबाच्या अक्षरांत. ती मी शिकलो नाही, शिकणार नाही म्हणून चारचौघांत सांगितलं होतं. मग घरचं पत्र घेऊन कुणाच्या दारात जायचं?

सावियाह : या दारात. मीच तिला शिकवलेली अक्षरं होती ती. खुशाली नव्हती त्यात, मामा. खोटं सांगितलं मी.

आई : काय होतं मग?

सावियाह : आई, तू आत जा.

आई : काय होतं, सावी?

सावियाह : ‘मामा, ताप उतरत नाही. इथं मला कुणी पाणी विचारत नाही. मामा न्यायला आला तर सोडेन, असं हाजी म्हणतात. बैलगाडी शुक्रवारी येते, म्हणून शुक्रवारी मी दारात बसते. आईला सांगू नका, ती जेवणार नाही.’

आई : तीन महिने.

सावियाह : बारा शुक्रवार.

आई : आणि मला अकरा वर्षं सांगितलं नाहीस तू.

सावियाह : तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि वर्षभरात यांना माफ केलं असतंस. मला सूड हवा होता, आई. आख्ख्या गावाच्या तोंडून हवा होता.

आई : तुझ्याशी मी नंतर बोलेन. दादा, गाठोडं उचल.

दातुक : अगं, मी तुझा सख्खा भाऊ.

आई : सुराऊत चटई आहे. जेवण पाठवीन. खोली नाही मिळायची.

दातुक : ते पत्र तरी द्या. माझ्या नावाचं आहे.

सावियाह : घ्या. जपून ठेवलंय.

दातुक : पुन्हा एकदा वाच. सावकाश.

सावियाह : नाही.

दातुक : मग मी कुणाकडून वाचून घेऊ?

सावियाह : शाळा सात वाजता भरते, मामा. पहिलीच्या बाकावर जागा आहे.