दोन लोटे पेज

माझं नाव देवाजी, गाव नागझिऱ्याच्या जंगलाले लागूनच, गेटापासून सायकलनं पाऊण तास. बाप बांबू तोडाले जाय, माय दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करे आन् धान कापे, बांधी म्हणजे तुमी धानाचं शेत म्हणता ते. आमची स्वतःची दीड एकर लई नंतर झाली. शाळा सातवीपर्यंत. जंगल मात्र बापाच्या मागं फिरून पुरं शिकलो, कोणता पक्षी कोणत्या झाडावर बसते, सांबर कोणत्या वेळी पाण्यावर येते, हे मले कोणी पुस्तकातून नाही शिकवलं, म्हून गेटावर गाईड घ्यायले लागले तेव्हा माझं नाव लागलं. आता बावीस वर्षं होऊन राहिली.

काय सांगू तुमाले भाऊ, आमच्याकडं सकाळ म्हणजे पेज. भात शिजत आला की वरचं पांढरं पाणी निथळून घेतात, ते पेज. त्यात मीठ टाकायचं, सोबत एक हिरवी मिरची, झालं. माय बांधीत जायच्या आधी पेज पे, बाप जंगलात जायच्या आधी पे, आमी पोरं तर मायचं दूध सुटलं की पेजेवरच वाढलो. घरी पाहुणा आला तर पाण्याच्या जागी पेज. पेज आमी कधी खाण्यात नाही धरली. खाणं म्हणजे भात. पेज म्हणजे पाणी, भाताचं पाणी, पण पाणीच.

गाईडचं काम डोळ्याचं. जीप डायव्हर चालवते, फोटो पर्यटक काढते, गाईडनं फक्त पाहायचं आन् सांगायचं. दोन वर्षांमागं, पावसाळ्यासाठी जंगल बंद व्हायले महिनाभर असेल, जीपमध्ये नागपूरची एक बाई होती, ती म्हणाली, गाईडसाहब, वो क्या है. मी पाहिलं, म्हटलं दगड हाये मॅडम. दगड उठला आन् चालाले लागला. बिबट होता. बाई खूश, तिनं फोटो काढले. डायव्हर माझ्याकडं पाहून म्हणे, काका, अब चश्मा लगा लो, नाही तर एखाद्या दिवशी दगडालेच वाघ म्हणाल. जीपमधले सारे हसले, मीही हसलो. पण मले कळलं होतं. महिना झाला होता, जंगलातल्या तळ्याच्या पलीकडचं सारं मले धुक्यासारखं दिसून राहिलं होतं आन् मी अंदाजानं सांगत होतो, डाव्या हाताले चितळ, उजव्या हाताले रानगवा, वीस वर्षांच्या सवयीनं. किती दिवस चालते असं. जो पाहू नाही शकत त्याले गाईड कोण ठेवते.

म्हून गोंदियाले जाऊन चष्मा केला. आठ दिवस बरं दिसलं, मग पुन्हा धूसर. आमच्या गावात सुनीता आशाचं काम करते, मले मामा म्हणते. तिनं रस्त्यावरच थांबवलं, जय भीम मामा, रात्री कितीदा उठता. म्हटलं चारदा, पाचदा. म्हणे बसा इथंच. बोटाले सुई टोचली, थेंब पट्टीवर लावला, मशीनवरचा आकडा मले दाखवला. तीनशेच्या वर होता.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं समजावून सांगितलं, शुगर वाढली की डोळ्याच्या भिंगाले सूज येते, नंबर खालीवर होते, आता चष्मे करत नका फिरू. शुगर खाली आली तर नजर परत येईल. नाही आली आन् आतला पडदा बिघडला, तर मग नाही येणार. गोळ्या लिहून दिल्या, आन् म्हणे सकाळचं खाणं बदला, भात, पोहे, बिस्किट सकाळी नको. पण उपाशीही राहू नका, गोळी घेऊन उपाशी राहिलं की चक्कर येते. जंगल जुलैपासून बंद होते, ऑक्टोबरात उघडते. मी मनात धरलं, तीन महिने हायेत. उघडेल तेव्हा दिसलं पाहिजे, नाही तर आपणच नाव कापून घ्यायचं, कोणी कापाच्या आधी.

दवाखान्यातून एक कागद मिळाला होता, त्यावर ओट्स, पनीर, ब्राऊन ब्रेड. कौतिका, माझी बायको, तिनं पोरीकडून वाचून घेतला आन् म्हणे, हा कागद कोणा शहरातल्या माणसाचा हाये, त्याच्यासंग बदलला वाटते. मग तिनं आपलं सुरू केलं. घरी कोंबड्या होत्याच, दोन अंडी फोडून त्यात मुनग्याचा पाला, म्हणजे शेवग्याचा पाला, चिरून तव्यावर टाके. एक दिवस रात्री भिजवलेले काळे चणे, उकडून, कांदा आन् मिरची घालून. एक दिवस मूग वाटून पातळ धिरडं, सोबत जवसाची चटणी. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी वाटीभर बारीक मासे, तेल कमी टाकून. मी म्हणो, सकाळी सकाळी मासे, लोक काय म्हणतील. ती म्हणे, लोकायले काय, लोक तुमचा हात धरून तळ्यावर नेणार हायेत का.

आन् भात मी खरंच सोडला, भाऊ. भाताच्या मुलखात राहून सोडला. संध्याकाळी ज्वारीची एक भाकर, भात फक्त मूठभर, मोजून. पोहे नाही, चहात साखर नाही. तीन हप्ते झाले. सुनीतानं सुई टोचली. आकडा थोडा खाली आला होता, पण थोडाच, अडीचशेच्या वरच. पुढच्या हप्त्यात पुन्हा तेच.

तेव्हा घरात भांडण झालं. कौतिका म्हणे, तुमी चौकात पोहे खाऊन राहिले. मी म्हटलं नाही. म्हणे, मंग शुगर काय हवेतून येऊन राहिली, मी पहाटे उठून मूग वाटतो आन् तुमी तिथं तर्री ओतून घेता. मी पोरीची शपथ घेतली. ती म्हणे, पोरीले कायले मधात ओढता, आपल्या जिभेची शपथ घ्या. दोन दिवस आमी बोललो नाही. तिनं ताट ठेवायचं, मी खायचं. पेज मात्र देत होती, न बोलता, लोटा खाली आपटून.

तिसऱ्या दिवशी कौतिकानंच सुनीताले बोलावलं, तूच पाहा तुझ्या मामाचं, मी थकलो. सुनीता सकाळीच आली आन् चुलीपाशी बसली. मी दात घासून आलो, कौतिकानं लोटा दिला, मी उभ्यानं पेलो, मग दुसरा दिला, तोही पेलो, मग खाली बसून अंड्याचं ताट ओढलं. सुनीता म्हणे, मामा, हे काय पेले. म्हटलं पेज. म्हणे, रोज. म्हटलं, रोज नाही तर काय, जन्मापासून. म्हणे, दोन लोटे. तेव्हा कौतिका म्हणे, आधी एकच पेत होते व सुनीता, भात सोडला तेव्हापासून पोट भरत नाही म्हणत, म्हून मी साऱ्या घराची पेज त्याहिलेच देऊन राहिलो.

सुनीतानं डोक्याले हात लावला. मामी, भाताचं सारं सत्त्व तर या पेजेत उतरते, चावायलेही लागत नाही, सरळ रक्तात जाते. मी म्हटलं, सुनीता, तूच तर विचारलं होतं काय काय खाता, मी सारं खरं सांगितलं. ती म्हणे, हो मामा, मीही खाण्याचंच लिहिलं. आन् मग हळूच म्हणे, मी स्वतःच येताना लोटाभर पेऊन आलो. कौतिका चुलीकडं तोंड करून बसली. पोह्याचं नाव तिनं त्या दिवसापासून काढलं नाही. मीही काढलं नाही. काऊन काढू, ओतणारी ती, पेणारा मी.

पेज बंद झाली. पहिले आठ दिवस सकाळ झाली असं वाटेच ना. त्या वेळी रोवणी चालू होती, मी दुसऱ्याच्या बांधीत पऱ्ह्याच्या जुड्या वाहून देत होतो, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. दहा वाजता मालकीण धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पेजेची बादली घेऊन आली. मी नाही म्हटलं. तिचा चेहरा बदलला, म्हणे, काऊन, आमच्या घरची पेज चालत नाही का तुमाले आता. पाहा, माझ्या बापाले याच धुऱ्यावर, याच घरचे लोक, ओंजळीत वरून पेज ओतून देत, भांडं दूर धरून. आन् आता मी नाही म्हणतो म्हून ती रुसून राहिली. मी एवढंच म्हटलं, बाई, शुगर हाये. फडक्यात बांधलेले चणे दाखवले. तिनं मूठभर मागून खाल्ले, म्हणे, मीठ कमी हाये.

आकडा उतरत गेला. सप्टेंबर सरताना एका सकाळी दीडशेच्या आत आला. आन् गंमत पाहा, चष्मा घातला की आता धूसर दिसे, काढला की साफ. डॉक्टरीणबाईनं डोळ्यात थेंब टाकून पडदा पाहिला, म्हणे उजवा ठीक, डाव्यात एक बारीक डाग हाये, तो राहील, वाढू नये याची काळजी घ्या, दर वर्षी दाखवा.

ऑक्टोबरात जंगल उघडलं तेव्हा पहिल्या फेरीले तोच डायव्हर होता. तळ्यावर गाडी थांबवून म्हणे, बोलो काका, सामने दगड है के बिबट. मी डावा डोळा झाकून पाहिलं, मग उजवा झाकून पाहिलं. पलीकडच्या गवतात एक कान हलला. म्हटलं सांबर, मादी, मागं पिल्लू. त्यानं दुर्बीण लावली, बऱ्याच वेळानं म्हणे, हाँ, है. बस एवढंच. गाडी पुढं गेली.

आता दीड वर्ष झालं. शुगर हाये, ती जात नाही, गोळी रोजची. सकाळी अंडं, नाही तर चणे, हिवाळ्यात वालाच्या ओल्या शेंगा उकडून. डब्यात हेच घेऊन गेटावर जातो, पर्यटक पाहतात, आमचा गाईड डाएटवर हाये म्हणतात. म्हणू द्या. डावा डोळा महिन्यातून एकदा झाकून तळ्याकडं पाहून घेतो, मग उजवा, किती फरक पडला ते.

पेज आता घरच्या म्हशीले जाते. पहिल्या महिन्यात तिचं अंग भरलं, कौतिका तिच्या पाठीवर हात फिरवून म्हणे, पाहा, हे सारं तुमच्या पोटात जाऊन राहिलं होतं. तुमी बसा भाऊ, तुमाले ती लोटा घेऊन येईल, पाहुण्याले देणं आमचं सुटलं नाही. तब्येत बरी असेल तर सुखानं प्या. नसेल तर सरळ नाही म्हणा, आता या घरात कोणी रुसत नाही.