काचेला विचारलेला प्रश्न

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. पत्रकारितेतून निवृत्त झाल्यावर मी गुरुग्रामला रंगीत काचकाम शिकायला गेलो. बायकोला देव्हाऱ्यासाठी निळं कमळ कबूल केलं होतं आणि निळी काच एकच होती.

दिल्लीतच वाढलेली मराठी शिक्षिका म्हणाली, "अंकल, कटरने रेघ एकदाच मारायची, बस. मग काच रेघेवर तुटते."

"एकदाच? मी मंत्र्यांना एकच प्रश्न दहादा विचारायचो."

मी त्याच रेघेवर तीनदा कटर फिरवला. काच भलतीकडेच तडकली.

"तुटली की नाही?" मी म्हणालो.

"तुटली ना. पण हवी तिथे नाही. मंत्र्यांचंही असंच व्हायचं का?"

मी निळे तुकडे गोळा करू लागलो.

घरी सगळं ऐकून बायको म्हणाली, "कमळ राहू द्या. त्या मुलीला जेवायला बोलवा."