बूथबाहेरचे हरभरे

...आणि वर मलाच विचारतात, "इतका आवाज करून खातं का कोणी?" अहो, आवाज हरभरा करतो, मी नाही!

तुम्हाला सांगतो, मी कानांच्या दवाखान्यात कान तपासायला असतो. काचेचा बंद बूथ, त्यात पेशंट, त्याच्या कानांवर हेडफोन, हातात बटण. बाहेर मी. मी मशीनमधून बारीकसा 'पीं' सोडायचा, त्याला ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, माझ्याकडे दिवा लागतो. झालं! आता अशा जागी चार वाजता माणसाने खावं काय? क्रीमरोल! खालच्या बेकरीतला, मऊ, गुपचूप... बारा वर्षं खाल्ला, कोणाला पत्ता नाही.

पण धाकटीला पोहायला शिकायचं होतं. बायकोने हिशोब मांडला, "क्लासची महिन्याची फी आणि तुमचे क्रीमरोल, आकडा एकच येतो. आणि जरा पोटाकडे बघा. पोरीला पोहायला शिकवायचंय की बापाला तरंगायला?"

मग काय, पेटलोच मी! रविवारी सकाळी ओटा ताब्यात घेतला, हरभरे भाजले, शेंगदाणे भाजले, भोपळ्याच्या बिया भाजल्या, एक बोटसुद्धा भाजलं, गाजराच्या कांड्या कापल्या, सहा डब्या भरल्या! तेल नाही, साखर नाही, चव... असो, घरचं आहे ना! आणि पैसे खरंच वाचायला लागले हो! रोज क्रीमरोलचे पैसे बरणीत. धाकटी तर पोहण्याचा चष्मा लावूनच जेवायला बसायची. मला इतकं भरून यायचं की मी आणखी एक गाजर खायचो.

आणि गुरुवारी आले एक आजोबा. सोबत सूनबाई, कावलेल्या. "काही म्हणजे काही ऐकू येत नाही यांना. दहा हाका माराव्या लागतात." आजोबा भिंतीवरचं कानाचं चित्र बघत होते. मी त्यांना बूथमध्ये बसवलं, माइकवरून समजावलं, आवाज आला की बटण दाबायचं, आणि माइक बंद करायला... विसरलो. चार वाजले होते, डबी उघडी होती! 'पीं' सोडला, हरभरा टाकला. कुर्रम. दिवा लागला! 'पीं' आणखी बारीक केला, हरभरा टाकला. कुर्रम. दिवा! मी चकित. वय ब्याऐंशी आणि कान विशीतले! गाजर मोडलं तर त्यांनी दोनदा बटण दाबलं.

मी आनंदाने रिपोर्ट हातात ठेवला. सूनबाईंचा चेहरा असा लाल! "म्हणजे ऐकू येत होतं तुम्हाला? चार वर्षं मी घसा फोडतेय, आणि तुम्ही सोंग करत होतात?" आजोबांना यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. आरडाओरडा ऐकून आमच्या डॉक्टरबाई आल्या, तर ते प्रसन्नपणे त्यांना म्हणाले, "मशीन छान आहे हो तुमचं. कोणीतरी मस्त कुरुमकुरुम खातंय असं वाटतं."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग डबीकडे. मी म्हणालो, "घेता का? घरचं आहे..."

पुन्हा तपासणी झाली. आजोबांना खरंच ऐकू येत नव्हतं. सूनबाई रडल्या, उगाच बोलले म्हणाल्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या तपासणीची फी माझ्या पगारातून. म्हणजे बरणी गेली! घरी धाकटीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते तर फीपेक्षा लागलं.

म्हटलं, आता माघार नाही! क्रीमरोल परवडत नाही, हरभरा वाजतो, तर खायचंच नाही! तुम्हाला सांगतो, याहून स्वस्त काही नाही, याहून आरोग्याला चांगलं काही नाही, आणि आवाजाचा तर प्रश्नच मिटला. महिन्याभरात बरणी भरली. सोमवारी धाकटी पाण्यात उतरली, पहिल्याच दिवशी चार हात मारले, मी काठावर उभा राहून नाचलो!

मंगळवारी, चार वाजता, बूथमध्ये एक बाई. माइक बंद, डबी घरी, मी श्वाससुद्धा बेताने घेतोय. 'पीं' मी अजून सोडलाच नव्हता... आणि दिवा लागला! बाईंनी काचेतून माझ्या पोटाकडे बोट दाखवलं.

काय करणार? तेही घरचंच आहे ना.