खंड्या, फुलं आणि माझा आवाज

...नाही, पक्ष्यांचं एकवेळ मी समजू शकतो, पण मला सांगा, फुलांना कुठे कान असतात? आं? मी एवढंच म्हणालो, ‘वा! काय पिवळं फूल आहे!’ तर पुढून दहा तोंडं मागे वळली आणि सगळ्यांनी ओठांवर बोट ठेवलं. ‘हळू बोला हो!’

हळू बोला! तुम्हाला सांगतो, मी एसटी स्टँडवर गाड्या पुकारणारा माणूस. सगळा जन्म त्या चौकशीच्या खिडकीमागे गेला. आमचा माइक महिन्यातले पंधरा दिवस बंद, त्यामुळे शेवटच्या फलाटावर झोपलेला माणूस दचकून उठेल एवढा आवाज काढायची सवय! शिवाय जे सांगायचं ते दोनदा सांगायचं. घरी मीठ मागितलं तरी शेजारून वाटी येते, तर नदीकाठी मी एकदम कुजबुजणार कुठून?

पण आमच्या हिला हौस. हौस म्हणजे काय, खंड्या बघायचाय! ती लहान असताना तिच्या वडिलांनी दाखवला होता म्हणे, नदीवर. ‘तो बघ निळा पक्षी!’ ही वळेपर्यंत उडालासुद्धा. हिला दिसलं फक्त हललेलं पाणी. वडील गेले, केस पिकले, पण तो पक्षी काही डोक्यातून गेला नाही. आणि अशा बाईनं लग्न कुणाशी करावं? माझ्याशी! आता ह्याला तुम्ही काय म्हणाल?

तर वसंत ऋतूतली सहल. पहाटे निघायचं, नदीच्या कडेकडेनं चालायचं, रानफुलं बघायची, पक्षी बघायचे. पुढारी कोण, तर आमच्या गल्लीतले डोळ्यांचे डॉक्टर. गळ्यात दुर्बीण, आणि आवाज इतका बारीक की हवा बरी म्हणतात की वाईट ते कळू नये. त्यांनी निघतानाच सांगितलं, ‘वळणावर खंड्याची जागा आहे. तिथे सगळ्यांनी दबा धरून बसायचं. फक्त बोलायचं नाही.’ बोलताना बघत होते माझ्याकडे. ह्यांना आधीच कुणी सांगितलं होतं? ही चपलेचा पट्टा बघत होती!

बरं, मी गप्प होतो हो! अगदी पुलापर्यंत गप्प. पण समोर बगळा दिसला. एवढा मोठा, पांढराशुभ्र, कुणाचंच लक्ष नाही, आता सांगणं माझं कर्तव्य की नाही? तोंडातून निघून गेलं, ‘डावीकडे, झाडाखाली, बगळा उभा आहे! डावीकडे, झाडाखाली, बगळा...’ दुसऱ्यांदा सांगेपर्यंत बगळा सुटला होता. सगळे माझ्याकडे असे बघतायत, जशी काही त्यांची शेवटची गाडी मीच सोडली! ‘हळू बोला हो!’

मग म्हटलं, पक्षी नकोत, आपण फुलं बघू. ते पिवळं फूल तेव्हाचंच. तर तिथे शाळेतल्या निवृत्त बाई पोटावर पालथ्या पडलेल्या. मी घाबरलो, चक्कर आली की काय! धावलो उचलायला, तर बाई खालून फुसफुसल्या, ‘पाय! पाय!’ मला वाटलं त्यांचा मुरगळला. मी हाक दिली, ‘डॉक्टऽर! बाईंचा पाय!’ पण पाय माझा होता हो. नखाएवढं जांभळं फूल, वर्षातून चार दिवस येणारं, आणि ते नेमकं माझ्या बुटाखाली. झाडीतून होते नव्हते ते सगळे पक्षी उठले. डॉक्टर आले, बाईंना नाही, मला तपासल्यासारखं पाहिलं आणि म्हणाले, ‘काका, तुम्ही जरा मागेच थांबता का?’

थांबलो. करणार काय? ही पुढे जाईल असं वाटलं, तर तीही माझ्याशेजारी दगडावर येऊन बसली. मी म्हटलं, ‘अगं जा तू, वळणावर खंड्या आहे.’ ती म्हणाली, ‘असू दे. तुम्ही एकटे कसे बसाल?’ वळणाकडे बघत राहिली. तेव्हा मात्र मला खरंच वाईट वाटलं. म्हटलं, हा गळा आता कापून नदीत टाकावा.

आणि एवढ्यात, तुम्हाला सांगतो, समोरच्या फांदीवर येऊन बसला! खंड्या! तिकडे सगळे दबा धरून बसलेत आणि हा इकडे, आमच्या पुढ्यात! पाठ निळीशार, पोट तांबूस, चोच ही एवढी! माझ्या गळ्याशी आलं, ‘कृपया लक्ष द्या...’ पण मी रुमाल काढला आणि अख्खा तोंडात कोंबला. हिचं कोपर धरलं. हनुवटीनं दाखवलं.

तिनं पाहिलं. अगदी डोळे भरून पाहिलं. त्यानं पाण्यात सूर मारला, मासा घेऊन वर आला, परत तिथेच बसला. मी श्वाससुद्धा घेत नव्हतो. आणि आमची ही, जिनं उभ्या जन्मात आवाज चढवला नाही ती, उभी राहून किंचाळली, ‘दिसला! अहो, दिसला! अहो, दिसलाऽऽ!’

खंड्या पसार! वळणापलीकडून सगळा जथा धावत आला, चिखलात माखलेला, आणि एकजात सगळे माझ्याकडे बघतायत. ‘काय हो काका!’ मी रुमाल बाहेर काढला, म्हटलं, आता सांगतोच खरं काय ते. पण हिच्याकडे पाहिलं, तर ती रडत होती हो. हसत होती आणि रडत होती.

मग काय, घेतलं अंगावर. जन्मात पहिल्यांदा, अगदी मवाळ, अगदी हळू आवाजात म्हणालो, ‘चुकलं माझं, डॉक्टर.’

तर डॉक्टर कानामागे हात धरून म्हणतात, ‘काय? जरा मोठ्यानं बोला की हो!’