खिळा गिऱ्हाइकाच्या हातात

प्रेमा: पुढची तारीख घेऊ, पुढची तारीख घेऊ! सकाळपासून हेच ऐकतेय. अहो, पठाणवाडी आली, दिंडोशीचं कोर्ट हाकेवर राहिलंय. चाक बसलं म्हणून माणसानंही बसायचं?

दशरथ: तसं नव्हे गो. अकराला पुकारतील. ह्यांचं काम कधी होणार, आपण कधी पोचणार? साक्षीदार आला नाही तर कोर्ट तारीख देतं. फाशी नाही देत.

प्रेमा: वॉरंट देतं. समन्स घेऊन आलेला हवालदार काय म्हणाला ते मी दारामागून ऐकलंय. भाऊ, वेळ लागेल का हो?

भीमराज: कसला वेळ, मावशी. गाडी डबल स्टँडला लागली का झालंच समजा. ट्यूबलेस आहे ना, चाक खोलायचं पण काम नाय. काका, मागनं जरा धरा. चाक फिरवतो. हा... हा बघा, सापडला.

प्रेमा: साबणाचं पाणी नाही लावलंत?

भीमराज: कशाला? डोकं समोर दिसतंय. मधोमध बसलाय, नाकात चमकी बसते तसा. काका, ही तर पोरांची गाडी. तुम्ही कुठं हिच्या नादाला लागलात?

प्रेमा: आमच्या मुलीची आहे. प्रांजलची. दहिसरहून पवईला जाते रोज हिच्यावर. आज रजा काढलीन आणि गाडी आम्हाला दिलीन. वडील कोर्टात साक्षीला जातात, रिक्षासाठी उभे राहायला नकोत म्हणून. सकाळी उठून पेट्रोलसुद्धा भरून आणलंन.

दशरथ: पेट्रोल? प्रांजलने? कधी?

प्रेमा: तुम्ही अंघोळीला होतात तेव्हा. चेकनाक्याच्या पंपावर.

दशरथ: हायवेवर नेलीन गाडी?

प्रेमा: मग पंप काय चाळीच्या चौकात आहे? असं काय करताय? चेहरा बघा कसा उतरलाय. पाणी देऊ?

भीमराज: काका, बसा त्या जुन्या टायरवर. उन्हानं होतं असं. मी पक्कड लावतो... ये, ये, बाहेर ये. निघाला! मावशी, हात करा पुढं.

प्रेमा: मला कशाला देताय?

भीमराज: आमचा नेम आहे. खिळा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. लोक बोलतात ना, पंक्चरवालेच रस्त्यावर खिळे टाकतात. मग मी बोलतो, घ्या, बघा, माझ्या दुकानातला वाटतो का. पण मावशी, खरं सांगू? हा रस्त्यावरचा पण नाय.

प्रेमा: म्हणजे काय?

भीमराज: रस्त्यावरचा खिळा आडवातिडवा घुसतो. गंजका असतो, वाकडा असतो. हा भिंतीत ठोकायचा काँक्रीटचा खिळा. कोरा. त्याच्या डोक्यावर हातोडीचे वण बघा, बोट फिरवा. कोणीतरी निवांत बसून ठोकलाय. तुमचं कोणाशी वाकडं आहे काय?

प्रेमा: आमचं कोणाशी वाकडं नाही, भाऊ. पण एकाचं आमच्याशी आहे. आमच्या शेजारी किरण राहतो, भिंतीला भिंत लागून घर. चाळ बिल्डरला द्यायची, त्या कागदावर तो सही करत नव्हता. तर सेक्रेटरीच्या मुलाने, चैतन्यने, त्याला जिन्यात गाठून लोखंडी सळईने मारलंन. डोक्यात. हे दूध घेऊन वर येत होते. ह्यांनी बघितलं. आणखी कोणी नाही.

भीमराज: पोरगा वाचला?

प्रेमा: वाचला. चालतो, फिरतो. पण तोंडातून शब्द नाही आणि उजवा हात उचलत नाही. मोठा बाप्या, पण त्याला आई भरवते. सुंदराबाई भिंतीपलीकडे भरवते आणि मला इकडे घास गिळवत नाही. आज ह्यांची साक्ष.

भीमराज: आणि आजच खिळा.

प्रेमा: तेच म्हणते मी! दुसऱ्या कोणाचं काम नाही हे. अहो, हा खिळा मी सरकारी वकीलबाईंच्या हातात देणार. म्हणावं, साक्षीदार येऊ नये म्हणून काय काय करतात बघा.

दशरथ: काही द्यायचं नाही. टाकून दे तो.

प्रेमा: टाकून देऊ? पुरावा आहे हा!

दशरथ: कसला पुरावा? ठोकताना कोणी बघितलंय? आपण उगाच एखाद्याचं नाव घ्यायचं...

प्रेमा: इथे रस्त्यावर चैतन्यचं नाव घ्यायला तुमची जीभ जड होते, तर कोर्टात काय करणार?

भीमराज: काका एक बरोबर बोलतात मावशी, बघितल्याशिवाय बोलू नये. जरा सरका. ही सळई भोकात फिरवतो, आतनं खरवडून निघतं. मग सुईत पट्टी ओवायची, सोल्युशन लावायचं आणि दाबायची आत.

दशरथ: मला एक सांगा. एवढा खिळा आत असून टायर बसला कसा नाही? काल जेवणानंतर ठोकलेला खिळा. सकाळी दाबून बघितलं तर दगडासारखा टणक.

भीमराज: काका, तुम्ही ट्यूबच्या जमान्यातले. ट्यूबला खिळा लागला का फुस्स. ट्यूबलेसला खिळाच बूच होऊन बसतो. हवा जाते, पण मुंगीच्या पावलानं. दोघांचं वजन पडलं, रस्ता तापला, खिळा हलला, मग कुठं खाली बसतो. ठोकणाऱ्याला वाटलं असणार, सकाळी गाडी दारातनं हलायची नाय. त्याला ट्यूबलेस ठाऊक नाय, बाकी काय.

प्रेमा: जेवणानंतर?

दशरथ: काय?

प्रेमा: काल जेवणानंतर ठोकलेला, असं म्हणालात.

दशरथ: अंदाजाने गो.

प्रेमा: काल जेवणानंतर तुम्ही हातोडी घेऊन खाली गेलात. देव्हाऱ्याच्या फळीला खालीच खिळे मारून आणतो म्हणालात, वर ठोकाठोक केली तर शेजारी किरण दचकतो. मला केवढं कौतुक वाटलं. फळी अजून भिंतीला टेकून उभी आहे. आणि खिळे मीच आणले होते, हेच, काँक्रीटचे.

भीमराज: मी... चहा सांगून येऊ का?

प्रेमा: नको. तुम्ही पट्टी घाला. आम्हाला जायचंय.

[दशरथ जुन्या टायरवरून उठतो, हायवेकडे बघतो. कुठेच जाण्यासारखं नाही असं वाटून पुन्हा तिथेच बसतो.]

प्रेमा: बोला.

दशरथ: रविवारी सेक्रेटरी आला होता. तू बाजारात होतीस. पेढे घेऊन आला. कोर्टाबद्दल चकार शब्द नाही. चहा घेतलान, गावच्या काजूची चौकशी केलीन. आणि जाताना चपला घालता घालता म्हणतो, प्रांजल रात्री एकटीच येते ना हो गाडीवर? आरेच्या रस्त्याला दिवे नसतात. जपा.

प्रेमा: आणि ते पेढे तुम्ही मला खायला घातलेत.

दशरथ: काय सांगायचं होतं तुला? माका झोप नाही त्या दिवसापासून. खोटी साक्ष मला द्यायची नव्हती प्रेमा, आईशपथ नव्हती. मला जायचंच नव्हतं. म्हटलं, गाडीच बसली तर तुझ्यासमोर काही बोलावं लागणार नाही. आणि तीही चार दिवस गाडीवरून फिरायची नाही.

प्रेमा: आणि तीच सकाळी हायवेवर गेली. बापाने ठोकलेल्या खिळ्यावर बसून.

दशरथ: मगाशी तू पेट्रोल म्हणालीस तेव्हा माझं काळीज...

प्रेमा: गप्प बसा. जरा वेळ गप्प बसा.

भीमराज: मावशी, तसं ट्यूबलेस एकदम फाटत नाय. पोरीला काय झालं नसतं.

प्रेमा: तुम्ही ह्यांची बाजू घेऊ नका.

भीमराज: बाजू नाय घेत. टायरचं सांगतो.

प्रेमा: थांबा, सुंदराबाईचा फोन. हॅलो... हां गं. वाटेतच आहोत. पुकारलं नाही ना अजून?... काय? त्याला पण आणलंस? अगं पण वकीलबाई तर... बरं. बरं. थांब हां, ठेवू नको.

दशरथ: काय म्हणतात?

प्रेमा: किरणला घेऊन आलीय. वकीलबाई नको म्हणाल्या होत्या. पण हा ऐकेना, एका हाताने शर्टाची बटणं लावून पहाटेपासून दारात उभा. आता कोर्टाबाहेर बाकावर बसलाय. बाजूला पिशवी ठेवून तुमच्यासाठी जागा धरलीय. एक वकील बसायला आले, तर त्यांनाही बसू दिलं नाही म्हणे.

दशरथ: माझ्यासाठी?

प्रेमा: नाही, माझ्यासाठी! ती थांबलीय फोनवर. काय सांगू?

दशरथ: तूच सांग काय ते.

प्रेमा: मगाशी सांगितलं असतं. आता मलाही सांगवत नाही. प्रांजल माझीही मुलगी आहे. घरी जाऊ म्हणालात, तर मी नको म्हणणार नाही, पुन्हा कधी बोलूनही दाखवणार नाही. पण तुम्ही तुमच्या तोंडाने म्हणा. खिळ्याला पुढे करू नका.

दशरथ: भाऊ, किती राहिलंय तुमचं?

भीमराज: झालं की. पट्टीचं शेपूट कापलं, हवा भरली. हे घ्या, आता लावतो साबणाचं पाणी. बघा, एक बुडबुडा नाय.

दशरथ: नीट बघा.

भीमराज: तुम्हीच बघा ना. वाका खाली. दिसतोय कुठं?

दशरथ: नाही. दे गो तो फोन. ...वहिनी, मी दशरथ बोलतोय. हां, पंक्चर झालं होतं. नाही, झालं काम. त्याला म्हणावं, पिशवी उचलू नको. मी येतो.

प्रेमा: आणि प्रांजल?

दशरथ: तिला आत्ता फोन कर. पेढ्यांचं सांग, खिळ्याचं सांग. काही लपवू नको. रिक्षा करून मुलुंडला तुझ्या बहिणीकडे, माधुरीकडे जाऊ दे, मी बोलेपर्यंत तिथेच राहू दे. सेक्रेटरी काय म्हणाला ते मी वकीलबाईंना सांगतो. साक्षीच्या आधी सांगतो.

प्रेमा: खिळ्याचं कळल्यावर ती तुमच्याशी बोलेल का?

दशरथ: नाही बोलली तर नाही बोलली. मुलुंडला पोचू दे.

भीमराज: मावशी, तो खिळा द्या इकडं. डब्यात टाकतो, पुन्हा कोणाच्या चाकात जायला नको.

दशरथ: नको भाऊ. तुमचा नेम काय तो पाळा. गो, माझ्याकडे दे तो.

प्रेमा: घ्या. आणि सावकाश चालवा. कोर्टात विचारलं, उशीर का झाला, तर काय सांगाल?

दशरथ: शपथेच्या आधी विचारलं, तर पंक्चर.

प्रेमा: आणि नंतर विचारलं तर?

दशरथ: नंतर विचारलं, तर खिळा खिशात आहे.